अन्नाला आयुष्य देणारा आचारी

(द्वितीय वर्ष, कला)

परंड्याचा किल्ला आमच्या गावापासून दोन तासांच्या चालीवर आहे. शाळेत असताना आमची सहल तेथे गेली होती. आम्ही मुलांनी बुरुजावरच्या तोफांवर हात फिरवला, खंदकात खडे टाकले आणि डबे सोडून भाकरी खाल्ली. कॉलेजात इतिहास हा विषय घेतल्यावर याच किल्ल्याविषयी एक गोष्ट वाचनात आली. १६३४ साली शहाजादा शुजा आणि महाबतखान यांनी मोगलांची मोठी फौज आणून परंड्याला वेढा दिला होता. तो वेढा त्यांना उठवावा लागला. त्याच्या कारणांत सरदारांची आपापसांतील भांडणे होती, तसेच चाऱ्याची टंचाईही होती. भोवतालच्या मुलखात वैरण उरली नाही. हत्ती, घोडे, बैल उपाशी राहू लागले, आणि फौज माघारी फिरली.

वाचकहो, हे वाचले आणि एक विचार मनात घर करून बसला. लढायांची वर्णने आपण किती आवडीने वाचतो! तलवार कोणाची, तोफ केवढी, सेनापती कोण, हे सारे तोंडपाठ करतो. पण त्या हजारो माणसांनी त्या दिवशी काय खाल्ले, हे कोणी विचारीत नाही. पन्हाळ्यावरील गंगा, यमुना आणि सरस्वती ही तीन प्रचंड धान्यकोठारे पाहिली म्हणजे कळते की, जुन्या राज्यकर्त्यांना हा प्रश्न चांगलाच ठाऊक होता. दाणा टिकला तर किल्ला टिकतो. मात्र कोठारात टिकते ते सुके धान्य. शिजविलेले अन्न वर्षानुवर्षे टिकविण्याची युक्ती जगाला फार उशिरा सापडली, आणि ती शोधणारा कोणी सेनापती किंवा पंडित नव्हता. तो एक आचारी होता. निकोला आपेर हे त्याचे नाव. आपल्याकडील पुस्तकांत ते ‘अ‍ॅपर्ट’ असे छापलेले आढळते. या लेखात मी त्याचे चरित्र सांगणार आहे. परंतु त्याच्याकडे मी ज्या वाटेने पोहोचलो, ती वाट आमच्या घरातल्या एका डब्यावरून जाते. म्हणून आधी त्या डब्याविषयी.

माझे आजोबा फौजेत होते, सप्लायच्या खात्यात. म्हणजे बंदूक कमी आणि पोती जास्त, असे ते स्वतःच हसून सांगत. १९७१ च्या युद्धात ते पूर्वेकडील आघाडीवर होते. त्यानंतर १९७२ साली ते रजेवर गावी आले, तेव्हा मराठवाड्यात दुष्काळ पडला होता. आजी त्या वेळी रोज दुष्काळी कामावर खडी फोडायला जात होती. कामावर सुकडी मिळे आणि रेशनवर तांबडा मिलो. आजोबांनी स्वतःच्या वाट्यातून वाचवून ठेवलेले शक्करपाऱ्यांचे दोन डबे बरोबर आणले होते. एक डबा त्यांनी आल्याबरोबर फोडला आणि गल्लीतल्या पोरांना वाटून टाकला. दुसरा डबा मात्र आजीने काढून घेतला. याहून वाईट दिवस आले तर लागेल, असे तिचे म्हणणे होते. तो डबा ट्रंकेत तळाशी गेला आणि तेथेच राहिला. त्यानंतर दुष्काळ अनेक आले, पण १९७२ पेक्षा वाईट दिवस आजीच्या हिशेबाने आला नाही. पन्नासहून अधिक वर्षे लोटली तरी डबा मिटलेलाच होता.

गेल्या वर्षी आजोबा वारले. ट्रंक उघडली तेव्हा तो डबा मी प्रथम हातात घेतला. खाकी रंग, अच्छेराच्या मापाएवढा आकार, झाकणावर पुसट झालेले इंग्रजी आकडे. हलवला की आत खडखड वाजे. हे अजून खाता येईल काय, असा प्रश्न मला पडला. आमच्या कॉलेजातील रसायनशास्त्राच्या सरांना मी तो विचारला. त्यांनी मला दोन-तीन पुस्तके काढून दिली. त्या पुस्तकांत मला आपेर भेटला.

आपेरचा जन्म १७ नोव्हेंबर १७४९ रोजी फ्रान्समधील शालाँ या गावी झाला. शँपेन नावाची दारू ज्या प्रांतात होते त्याच प्रांतातले हे गाव. वडील खाणावळ चालवीत. मुलाचे लहानपण चुलीच्या धगीत आणि तळघरातील पिंपांच्या वासात गेले. भाजणे, मुरवणे, आंबवणे, बाटलीला बूच मारणे, हीच त्याची शाळा. पुढे आयुष्यभर त्याच्या कामी आले ते हेच शिक्षण. विज्ञानाचे रीतसर शिक्षण त्याने कधी घेतले नाही. तरुणपणी तो झ्वायब्रुकनच्या ड्यूकच्या घराण्यात मुदपाकखान्यावर होता. पस्तिशीच्या सुमारास तो पॅरिसला आला आणि तेथे मिठाईचे दुकान थाटले. म्हणजे आपल्या भाषेत तो हलवाई झाला.

हलवायाला एक गोष्ट पक्की ठाऊक असते. साखरेत मुरवलेले फळ टिकते. पण मग त्याला फळाची चव राहत नाही, साखरेची येते. मिठात घातलेले मांस टिकते. पण त्याला मिठाची चव येते. वाळवलेली भाजी टिकते. पण ती भाजी राहत नाही. आपल्या घरी पापड, कुरडया, सांडगे आणि लोणची होतात, तेव्हा हाच सौदा चालतो. टिकाऊपणा हवा असेल तर ताजेपणा सोडावा लागतो. आपेरला हा सौदा मान्य नव्हता. हिरवा वाटाणा सहा महिन्यांनी उघडला तरी तो हिरव्या वाटाण्यासारखाच लागला पाहिजे, हा त्याचा हट्ट होता.

याच सुमारास फ्रान्समध्ये राज्यक्रांती झाली. आपेर तीत सामील होता. पण क्रांतीने आपल्याच माणसांना गिळायला सुरुवात केली तेव्हा १७९४ साली त्यालाही तुरुंगात टाकण्यात आले. पुष्कळांची मुंडकी उडाली, हा सुटला. सुटल्यावर राजकारणाकडे फारसे न पाहता तो पॅरिसजवळच्या इव्री या गावी राहायला गेला आणि प्रयोगांना लागला. तेव्हा त्याचे वय पंचेचाळीस होते. या वयात आमच्याकडे माणसे मुलामुलींच्या लग्नाच्या गोष्टी करू लागतात!

त्या वेळी फ्रान्स चहूबाजूंनी युद्धात गुंतलेला होता. खुष्कीवरची फौज वाटेतल्या शेतकऱ्यांचे लुटून खाई. आरमाराला तीही सोय नव्हती. समुद्रावर महिनोन् महिने खारवलेले मांस आणि दगडासारखी बिस्किटे. खलाशी रोगाने खंगत. शत्रूच्या गोळ्यांइतकीच माणसे निकृष्ट अन्नाने मरतात, हे सर्वांना दिसत होते. उपाय सुचत नव्हता.

आपेरची पद्धत ऐकायला इतकी साधी आहे की प्रथम ती वाचली तेव्हा मला नवलच वाटले. जाड काचेची रुंद तोंडाची बाटली घ्यायची. तीत पदार्थ भरायचा. बूच घट्ट ठोकून तारेने बांधायचे. मग ती बाटली गोणपाटाच्या पिशवीत घालून, पाण्याने भरलेल्या मोठ्या कढईत ठेवून ठराविक वेळ उकळायची. झाले! पण या ‘झाले’ मागे चौदा-पंधरा वर्षांची मेहनत आहे. कोणत्या पदार्थाला किती वेळ उकळी द्यायची, हे प्रत्येकाचे वेगळे. वाटाण्याचे वेगळे, दुधाचे वेगळे, मांसाचे वेगळे. काच कमी जाड असली तर कढईतच फुटणार. म्हणून ती पिशवी. एकसंध बुचातून बारीक छिद्रांवाटे हवा जाते, हे ध्यानात आल्यावर त्याने बुचाचे तुकडे आडवे-उभे एकमेकांवर चिकटवून नवे बूच तयार केले. फटी बुजवायला कळीचा चुना आणि चीज यांचे मिश्रण वापरले. हे सारे तो कोणत्या ग्रंथातून शिकला? कोणत्याच नाही. एक बाटली नासली की दुसरी, दुसरी नासली की तिसरी. चुकलेल्या बाटल्यांचा वास हाच त्याचा गुरू.

हे वाचताना मला आमच्या घरातली लोणच्याची बरणी आठवली. बरणी उन्हात तापवून घ्यायची, ओला हात लावायचा नाही, वर तेलाचा थर राहील इतके तेल ओतायचे आणि तोंडाला दादरा बांधायचा. आजीने यांपैकी कशाचेही कारण कधी सांगितले नाही. तिला ते कोणी विचारलेही नव्हते. मराठवाड्यात पूर्वी ज्वारी पेवात ठेवीत. जमिनीत खोल खड्डा, आत कडब्याचे अस्तर, वरून माती. त्यात ज्वारी काही वर्षे राही. तिला एक उग्र वास येई, पण किडा लागत नसे. पेव उघडल्याबरोबर आत उतरू नये, माणूस दगावतो, हेही जुन्या माणसांना ठाऊक होते. बंद जागेत हवा बिघडते आणि त्या हवेत किडाही जगत नाही, माणूसही जगत नाही, हे शास्त्र त्यांनी वाचले नव्हते. तरी पेव उघडून वारा खेळू दिल्याशिवाय कोणी आत पाय टाकीत नसे. आपेर याच जातीचा माणूस होता. फरक एवढाच की त्याने प्रत्येक गोष्ट वेळ लावून, नोंद करून, पुन्हा पुन्हा करून पाहिली.

एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी पॅरिसच्या दक्षिणेला मासी या गावी त्याने कारखाना काढला. अन्न बाटल्यांत भरून टिकविण्याचा हा जगातील पहिला कारखाना समजला जातो. फ्रेंच आरमाराने त्याच्या बाटल्या जहाजांवर पाठवून तपासल्या. कित्येक महिन्यांनी उघडलेल्या मांसाला आणि भाजीला ताज्या अन्नाची चव आहे, असे अहवाल आले. म्हणजे वाचकहो, साठवलेल्या लष्करी शिधेची चव घेऊन पाहण्याचा उद्योग तेव्हापासूनचा आहे. अन्न टिकले की नाही, याची शेवटची परीक्षा जिभेवरच व्हायची.

आता या चरित्रातील सर्वांत महत्त्वाचा प्रसंग. आपेरची पद्धत उपयुक्त आहे याची सरकारला खात्री पटली. त्याच्यापुढे दोन वाटा होत्या. एक, पेटंट घ्यावे आणि आपली विद्या मुठीत ठेवून पैसा करावा. दुसरी, सरकारकडून बारा हजार फ्रँक घ्यावेत आणि आपली सारी रीत स्वखर्चाने पुस्तक छापून जगजाहीर करावी. आपेरने दुसरी वाट धरली. १८१० साली त्याचे पुस्तक प्रसिद्ध झाले. सर्व प्राणिज आणि वनस्पतिज पदार्थ अनेक वर्षे टिकविण्याची कला, अशा अर्थाचे त्याचे नाव आहे. त्यात त्याने काहीही हातचे राखले नाही. बूच कसे करावे, बाटली कशी निवडावी, किती उकळावे, सारे लिहून टाकले. त्या वेळी तो साठ वर्षांचा होता.

त्याच वर्षी, म्हणजे १८१० च्या ऑगस्ट महिन्यात, इंग्लंडमध्ये पीटर ड्युरंड नावाच्या व्यापाऱ्याने अन्न टिकविण्याचे पेटंट घेतले. ही कल्पना परदेशातील एका मित्राकडून मिळाली, असे त्याने त्यात नमूद केले. काचेबरोबर पत्र्याच्या भांड्यांचाही उल्लेख त्यात होता. ड्युरंडने ते पेटंट विकले, आणि ब्रायन डॉन्किन व त्याच्या भागीदारांनी १८१३ पर्यंत लंडनमध्ये पत्र्याच्या डब्यांचा कारखाना चालू करून इंग्लंडच्या लष्कराला आणि आरमाराला माल पुरविण्यास प्रारंभ केला. युद्ध फ्रान्स आणि इंग्लंड यांचे. युक्ती फ्रान्सच्या आचाऱ्याची. आणि तिचे डबे इंग्लंडच्या जहाजांवर! नशिबाची थट्टा येथेच संपली नाही. १८१४ साली शत्रूची सैन्ये पॅरिसवर चालून आली, तेव्हा मासीचा कारखाना त्यांच्या तडाख्यात सापडला. ज्याने सैनिकांच्या पोटाची काळजी वाहिली, त्याचे काम सैनिकांनीच मोडले. आपेर तेव्हा चौसष्ट वर्षांचा होता. त्याने पॅरिसमध्ये पुन्हा मांडामांड केली. आता तोही पत्र्याचे डबे वापरू लागला.

त्या काळच्या डब्यांची एक कथा फार गमतीची आहे. १८२४ साली कॅप्टन पॅरी उत्तर ध्रुवाकडील समुद्रात मोहिमेवर निघाला. बरोबर डॉन्किनच्या कारखान्यातले डबे होते. डबा इतका जाड की तो छिन्नी-हातोडीने फोडावा, अशी सूचना त्यावरच लिहिलेली असे. डबा उघडण्याचे हत्यार निघायला अजून तीस वर्षे अवकाश होता! पॅरीच्या दोन जहाजांपैकी ‘फ्यूरी’ हे १८२५ साली बर्फात निकामी झाले आणि त्यावरील सामान किनाऱ्यावर सोडून द्यावे लागले. चार वर्षांनी जॉन रॉस हा दुसरा दर्यावर्दी तेथे पोहोचला. डबे जसेच्या तसे होते. रॉस आणि त्याची माणसे चार हिवाळे त्या बर्फात अडकून पडली आणि तरीही बहुतेक सारे जिवंत परतले. त्यात या टाकून दिलेल्या डब्यांचा वाटा मोठा होता. पॅरीच्या मोहिमेतील वासराच्या भाजलेल्या मांसाचा एक डबा इंग्लंडात परत आला आणि संग्रहालयात राहिला. १९३८ साली, म्हणजे तब्बल एकशे चौदा वर्षांनी, शास्त्रज्ञांनी तो उघडला. मांस चांगल्या स्थितीत होते. त्यांनी ते उंदरांना आणि मांजराला खाऊ घातले. त्या जनावरांना काहीही झाले नाही.

पण प्रत्येक डब्याचे असे झाले नाही, हेही सांगितले पाहिजे. १८५२ च्या आरंभी इंग्लंडच्या आरमाराच्या कोठारात गोल्डनर नावाच्या कंत्राटदाराचे डबे तपासण्यात आले. शेकडो डबे फोडले. त्यांतील बहुसंख्य सडलेले निघाले आणि समुद्रात फेकावे लागले. नफ्यासाठी डबे मोठे केले होते आणि उकळण्याचा वेळ मात्र त्या मानाने वाढवला नव्हता. आच डब्याच्या गाभ्यापर्यंत पोहोचली नाही. आपेरने प्रत्येक पदार्थाचा वेळ वेगळा का ठेवला, हे त्या कंत्राटदाराने समजून घेतले नव्हते. पुस्तक सर्वांना खुले होते. कळकळ विकत मिळत नव्हती.

आता कोणी विचारील की हे अन्न टिकत होते तरी कशामुळे? आपेरचे मत असे की, आच आणि हवेचा अटकाव या दोहोंनी ते टिकते. मोठे रसायनशास्त्रज्ञ गे-ल्युसाक यांनी त्याच्या बाटल्या तपासून निर्णय दिला की आतला प्राणवायू संपतो, म्हणून अन्न नासत नाही. निर्णय विद्वानांचा होता, पण अपुरा होता. खरे कारण लुई पाश्चर यांनी पुढे १८६० च्या दशकात स्पष्ट केले. अन्न नासवतात ते डोळ्यांना न दिसणारे जीव. उकळीने ते मरतात आणि घट्ट बूच नव्यांना आत येऊ देत नाही. १८२२ साली आपेरला फ्रान्समधील एका मान्यवर संस्थेने मानवजातीचा उपकारकर्ता अशी पदवी दिली, आणि त्याच वर्षाच्या अखेरीस पाश्चरचा जन्म झाला! आपेर वारला तेव्हा पाश्चर अठरा वर्षांचा विद्यार्थी होता. म्हणजे आज मी आहे त्याहून एक वर्षाने लहान.

विज्ञानाने पुढे आणखीही एक गोष्ट दाखवून दिली. काही जंतूंचे बीजाणू उकळत्या पाण्यातही मरत नाहीत. त्यांतील एक जात हवाबंद डब्यात, ओलसर अन्नात वाढते आणि भयंकर विष तयार करते. तो रोग म्हणजे बॉट्युलिझम. म्हणून आज मांस, भाज्या यांचे डबे वाफेच्या दाबाखाली सुमारे १२१ अंश सेल्सिअसपर्यंत तापवतात. आपल्या घरातील कुकरचे तत्त्व तेच. आपेरच्या काळी हे ज्ञान नव्हते. त्याच्या दीर्घ उकळ्यांनी पुष्कळदा काम भागले. पण ज्याला ते कारण समजले नव्हते, अशा संकटाच्या काठावरूनच तो चालत होता, असे आज म्हणावे लागते.

आपेरचे अखेरचे दिवस सुखाचे नव्हते. पॅरिसमध्ये सरकारने कामासाठी दिलेली जागा १८२७ साली त्याला सोडावी लागली. तरी तो थांबला नाही. ऐंशी ओलांडल्यावरही त्याचे काम चालू होते. १८३६ च्या सुमारास त्याने व्यवसाय दुसऱ्याच्या हाती दिला आणि मासीला जाऊन राहिला. पत्नी केव्हाच दुरावली होती. हाती पैसा नव्हता. १ जून १८४१ रोजी, वयाच्या एक्याण्णवाव्या वर्षी, त्याचा अंत झाला. स्वतंत्र थडग्यापुरते पैसे नसल्यामुळे त्याला गोरगरिबांच्या सामायिक खड्ड्यात पुरण्यात आले. मानवजातीचा उपकारकर्ता ही पदवी बरोबर होती, पण तिची किंमत दफनभूमीत कोणी धरली नाही. नंतर फ्रान्सला जाग आली. १९५५ साली त्याच्या स्मरणार्थ टपाल तिकीट निघाले. अन्न बंद करून आचेने टिकविण्याच्या क्रियेला फ्रेंच भाषेत आजही त्याच्याच नावावरून बनलेला शब्द आहे. ज्याला थडगे मिळाले नाही, त्याला शब्दकोशात जागा मिळाली.

आता आमच्या डब्याचे काय झाले ते सांगून हा लेख संपवतो.

आजोबांचे वर्षश्राद्ध आले, तेव्हा आजीने आपणहून डबा बाहेर काढला. आता उघडा, ज्या दिवसासाठी ठेवला होता तो काही यायचा नाही, असे ती म्हणाली. मी सरांना विचारून आलो होतो. डबा फुगलेला किंवा गळका असता तर तो न उघडता पुरून टाकायचा; ओला पदार्थ असता तर त्याला जीभही लावायची नाही. आमचा डबा सपाट होता, पत्र्याला कोठेही भोक नव्हते आणि आतला पदार्थ कोरडा, साखरेचा. अशा पदार्थात जंतूंना वाढायला पाणीच मिळत नाही. तरी चवीपुरता कणच घ्यायचा, असे सरांनी बजावले होते.

माझे वडील गवंडी आहेत. त्यांनी कामाची छिन्नी आणली आणि झाकणाच्या कडेने हलक्या हाताने ठोकत डबा फोडला. मला पॅरीच्या डब्यावरील ती सूचना आठवली. आत शक्करपारे होते. मूळचा बदामी रंग जाऊन ते काळसर झाले होते. बोटांत धरताच खडूसारखे चुरले. वास आला तो जुन्या दिव्याच्या तेलाचा. मी एक कण जिभेवर ठेवला. प्रथम गोडी आली, अगदी खरी. क्षणभर वाटले, पन्नास वर्षे काहीच झाले नाही. मग मागून खवटपणा आला आणि शेवटी पत्र्याची चव. मी थुंकून चूळ भरली. साखर जशीच्या तशी होती. तूपतेल मात्र हवेच्या अंशाने हळूहळू बिघडले होते. आजीनेही एक कण घेतला. ती थुंकली नाही. डोळे मिटून तशीच बसली. त्या कणात तिला काय आठवले असेल, हे विचारण्याचे धैर्य मला झाले नाही. खडी फोडणारी, वीस-बावीस वर्षांची, पोराबाळांच्या भुकेला घाबरलेली ती बाई मी कधी पाहिलेली नव्हती. त्या दिवशी थोडीशी पाहिली.

एक शक्करपारा घासाच्या पानावर, भजी आणि खिरीच्या शेजारी ठेवला. कावळा लवकर आला. त्याने भजे उचलले, खिरीत चोच बुडवली, शक्करपारा चोचीने उलटून पाहिला आणि तसाच टाकून उडून गेला. आम्ही सारे गप्प झालो. आजी मात्र हसली. दुष्काळात आणले तेव्हाही त्यांनी स्वतःच्या वाट्याचा एक तुकडा तोंडात टाकला नव्हता, आता कशाला खातील, असे म्हणाली.

तो रिकामा डबा आता माझ्या टेबलावर आहे. मी त्यात पेन ठेवतो. आमच्या घरातून कॉलेजात आलेला मी पहिलाच. येथे आल्यावर काही दिवस मला असे वाटत होते की, घरच्या माणसांना काही ठाऊक नाही आणि खरे ज्ञान सारे पुस्तकांत आहे. आपेरचे चरित्र वाचल्यावर तसे म्हणवत नाही. पाश्चर नसते तर आपेरचे काम अंधारात चालले असते, आणि आपेर नसता तर पाश्चरला समजावून सांगायला एवढी मोठी गोष्ट हाताशी नसती. आजीला लोणच्यावरच्या तेलाचे कारण आता मी सांगितले आहे. तिने शांतपणे ऐकून घेतले आणि या वर्षी लोणचे घालायला मला बसवले. दोनदा बरणीला ओला हात लागला म्हणून मला दटावलेही.